सावलीत ठेवलेल्या सूर्यघड्या: यॉर्क ते डरहॅम, चार दिवस

शनिवार

बाबांच्या पिशवीत ओळंबा निघाला. साताऱ्याहून मुंबई, मुंबईहून मँचेस्टर, असा सामानातून प्रवास करून आलेला पितळी ओळंबा, दोरीसकट. "विमानतळावर विचारलं नाही कुणी?" मी म्हटलं. "विचारलं ना. मी सांगितलं, भिंत सरळ आहे का बघायला लागतो. तो हसला आणि जाऊ दिलं."

बाबा मोजणी खात्यातून निवृत्त झाले त्याला आता बारा वर्षं झाली. सवय मात्र गेलेली नाही. आई वाईलाच राहिली, तिला मे महिन्यात लोणच्याचा आणि कुरडयांचा हंगाम सोडवत नाही. बाबा एकटेच माझ्याकडे यॉर्कला आले आणि तिसऱ्या दिवशी कंटाळले. त्यांना काहीतरी काम हवं म्हणून मी माझा छंद त्यांच्या गळ्यात घातला. गेली चार वर्षं मी सुट्टीच्या दिवशी चर्चच्या भिंतींवरच्या सूर्यघड्या शोधून त्यांची नोंद करते. इंग्लंडमध्ये असले लोक बरेच आहेत. 1989 साली स्थापन झालेली ब्रिटिश सनडायल सोसायटी देशभरातल्या सूर्यघड्यांची नोंदवही ठेवते. कुठल्या भिंतीवर आहे, जमिनीपासून किती उंच, लांबी-रुंदी, शंकू, म्हणजे सावली पाडणारी काडी, शाबूत आहे की गंजून गेलाय, आकडे कुठून कुठवर, काही मजकूर कोरलाय का, दगडाची अवस्था काय, असं सगळं लिहायचं. बाबांनी माझा रिकामा तक्ता वाचला आणि म्हणाले, "हा तर आपला पंचनामा."

मे अखेरचा शनिवार, सोमवारी बँक हॉलिडेची सार्वजनिक सुट्टी, मंगळवारची मी रजा टाकलेली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आम्ही निघालो.

पहिलं गाव सीटन रॉस, यॉर्कपासून तासाभराच्या आतलं. इथे मुद्दाम सुरुवात केली, कारण इथल्या सूर्यघड्या बाबांच्या धंद्यातल्या माणसाने केल्या आहेत. विल्यम वॉटसन (1784 ते 1857) हा इथला शेतकरी आणि मोजणीदार. त्याने पॉक्लिंग्टन या शेजारच्या गावाचा नकाशा काढला तोही असा, की कुठल्या घरात कोण राहतं ते लिहून ठेवलं. आणि वेड सूर्यघड्यांचं. एक चर्चवर, एक शेतावरच्या घरावर आणि एक रस्त्याकडेच्या छोट्या घराच्या भिंतीवर, ही शेवटची तर जवळजवळ बारा फूट व्यासाची. घर बैठं, आणि त्यावर ती अवाढव्य तबकडी. लहान मुलाने बापाचा सदरा घातल्यासारखं दिसतं. घरात लोक राहतात, त्यामुळे आम्ही रस्त्यावरूनच फोटो काढले.

चर्चपाशी पोचलो तर ढग. सूर्यघडीची नोंद करणाऱ्याचा निम्मा वेळ ढग बघण्यात जातो हे मी बाबांना आधी सांगितलं नव्हतं. तोवर वॉटसनचं थडगं शोधलं. त्यावरचा इंग्रजी दोहा साधारण असा आहे: या देवळात मी इतक्यांदा हौसेने आलो की शेवटी भिंतीवर सूर्यघडीच करून ठेवली. "मोजणीदाराला कविता जमत नाही," बाबा म्हणाले, पण टोपी काढली.

मग ऊन पडलं. सावली बारा वाजायला वीस मिनिटं कमी दाखवत होती. माझा फोन म्हणत होता एकला वीस कमी.

"तासाने मागे आहे," मी म्हटलं.

"घडी मागे नाही. तुम्ही पुढे आहात."

इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात, तो हा तास. त्याखेरीज दोन हिशेब असतात. ग्रिनिचच्या पश्चिमेला असल्यामुळे सीटन रॉसला सूर्य तीनेक मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. आणि पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार, शिवाय अक्ष कललेला, म्हणून सूर्य वर्षभर घड्याळाच्या कधी मागे कधी पुढे असतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सोळा मिनिटं पुढे धावतो, फेब्रुवारीत चौदा मिनिटं रेंगाळतो. मे अखेरीस तो तीनेक मिनिटं पुढे असतो. म्हणजे इकडचे तीन आणि तिकडचे तीन, फिट्टंफाट. नेमका तासाचा फरक उरला. आम्ही काहीही न ठरवता अशा आठवड्यात आलो होतो की वॉटसनची घडी मिनिटाला मिनिट लागत होती. बाबांना एवढा आनंद झाला की त्यांनी थडग्याकडे वळून "बरोबर आहे हो तुमचं" असं मराठीत सांगितलं.

संध्याकाळी उत्तरेकडे जाताना वाटेत एका खेड्यात थांबलो. तिथे मास डायल आहेत असं मला कळलं होतं. मास म्हणजे चर्चमधली प्रार्थना. मध्ययुगात दक्षिणेच्या दाराशी, चौकटीच्या दगडावर, कुणीतरी एक भोक पाडायचं, त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा ओरखडायचं आणि भोकात काडी खोचायचं. काडीची सावली ठरलेल्या रेषेवर आली की प्रार्थनेची घंटा. आकडे नाहीत, नक्षी नाही. अशा ओरखड्यांच्या घड्या इंग्लंडच्या चर्चवर हजारोंनी आहेत आणि शेजारून जाणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णवांना दिसत नाहीत.

फोनवर पावणेसात. आभाळ लख्ख. सूर्यास्ताला अजून अडीच तास. चर्चला वळसा घालून दक्षिणेला आलो, तर भिंत सावलीत! पुन्हा पश्चिमेला जाऊन पाहिलं, सूर्य तिथेच. मी चार वर्षं हे करते आहे आणि मला हे कधी सुचलं नव्हतं. बाबा गवतात बसले, वहीत एक वर्तुळ काढलं.

"तुमच्या इथे उन्हाळ्यात सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो. बरोबर? मग सकाळी पहिले काही तास आणि संध्याकाळी शेवटचे काही तास तो भिंतीच्या मागे असणार. दक्षिणेच्या भिंतीला आत्ता सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एवढंच ऊन."

म्हणजे दिवस सोळा-सतरा तासांचा, आणि सूर्यघडीची ड्युटी दहा तासांची. मार्च-सप्टेंबरात दिवस बारा तासांचा असतो तेव्हा ती बाराच्या बारा तास चालते. भर उन्हाळ्यात सूर्यघडी कमी चालते हे आमच्या नोंदवह्यांत कुठे लिहिलेलं नसतं, कारण सगळे दुपारीच येतात.

बाबा तेवढ्यावर थांबले नाहीत. थोडा वेळ पेन्सिल चावून म्हणाले, "आणि हीच घडी वाईला आपल्या दक्षिणेच्या भिंतीवर बसवली, तर आज दिवसभरात एक मिनिटही चालणार नाही."

खरं आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात वाईला शून्य सावलीचा दिवस होऊन जातो. बाबांनी यंदा तो अंगणात तांब्या पालथा घालून पाहिला होता. त्यानंतर जुलै संपेपर्यंत सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेच्या अंगाने जातो, तुळशीवृंदावनाची भर दुपारची सावली दक्षिणेला पडते, आणि दक्षिणेच्या भिंतीला उन्हाचा स्पर्श होत नाही. घडी अडीच महिने बंद. जयसिंहाने जयपूरच्या जंतरमंतरात भिंतीवर तबकडी न लावता पृथ्वीच्या अक्षाशी समांतर असा दगडी जिनाच का उभारला, हे मला त्या यॉर्कशायरच्या गवतात बसून कळलं.

ओरखडे शेवटी टॉर्चने पाहिले. टॉर्च समोरून मारायचा नाही, भिंतीला गाल लावल्यासारखा आडवा धरायचा. मग जे सपाट वाटत होतं त्यातून रेषा उठतात. चौकटीच्या दगडावर, माझ्या कमरेच्या उंचीला, करंगळी जाईल एवढं भोक. कुणीतरी कधीतरी ते चुन्याने बुजवलेलं आणि चुन्यातही आता एक कोळी राहत होता. खाली सात रेषा. त्यातली एक बाकीच्यांपेक्षा दुप्पट खोल आणि टोकाला आडवी खूण. हीच त्या गावाची प्रार्थनेची वेळ असणार. मधल्या दोन रेषांवर पिवळी दगडफुलं वाढली होती. ती खरवडायची नाहीत, खडूही लावायचा नाही, हा नियम आहे. बाबांनी पट्टी हवेत धरून, दगडाला न टेकवता, माप घेतलं.

रविवार

सकाळी पाऊस. पाहुणचाराच्या खोलीतला चहा पांचट होता, बाबांनी त्यात माझ्या डब्यातलं आलं किसलं.

कर्कडेल हे या प्रवासाचं खरं कारण. कर्बीमूरसाइड गावाबाहेर, झाडांनी झाकलेल्या दरीत सेंट ग्रेगरी मिन्स्टर नावाचं छोटं चर्च आहे. गाव नाही, दुकान नाही. जवळून हॉज बेक नावाचा ओढा जातो, तोही उन्हाळ्यात जमिनीखालून वाहतो, वर नुसते गोटे. याच दरीतल्या गुहेत 1821 साली तरसांची हाडं सापडली होती, यॉर्कशायरमध्ये तरस! त्यावर बकलंड नावाच्या भूशास्त्रज्ञाने मोठं संशोधन केलं. बाबांना तरसांत रस नव्हता.

रविवारची प्रार्थना चालू होती, त्यामुळे बाहेर थांबलो. लोक बाहेर पडल्यावर एका आजींनी आम्हाला आत घेतलं, आत म्हणजे पोर्चमध्ये. दक्षिणेच्या दारावर, मान वर केली की, आडवा दगड. जवळजवळ पावणेआठ फूट लांब. मधोमध अर्धवर्तुळाची सूर्यघडी, दोन्ही अंगांना अक्षरं. अकराव्या शतकातली इंग्रजी, पण अक्षरं इतकी ताजी की कालच टाकीने काढलीत असं वाटावं.

मजकुराचा अर्थ मला येतो, तो मी बाबांना वाचून दाखवला. गामलचा मुलगा ऑर्म याने सेंट ग्रेगरीचं देऊळ विकत घेतलं तेव्हा ते सगळं मोडून पडलं होतं. त्याने ते पायापासून नवं बांधवलं, ख्रिस्तासाठी आणि सेंट ग्रेगरीसाठी, एडवर्ड राजाच्या आणि टॉस्टी अर्लच्या दिवसांत.

"जीर्णोद्धार," बाबा म्हणाले.

मी चार वर्षं त्याचं 'पुनर्बांधणी' असं भाषांतर करत होते. जीर्णोद्धार! वाईच्या घाटावरच्या अर्ध्या देवळांत हेच लिहिलेलं असतं, अमुकाच्या मुलाने, तमुक देवासाठी, अमक्याच्या अमलात. "फक्त शके नाही," बाबांनी चूक काढली. "शके आणि संवत्सर घालायला काय झालं होतं?" वर्ष नाही हे खरं, पण काम भागतं. टॉस्टी नॉर्थम्ब्रियाचा, म्हणजे या उत्तरेच्या मुलखाचा, अर्ल (सुभेदारासारखा सरदार) होता तो 1055 ते 1065. त्याआधीही नाही, नंतरही नाही. म्हणून हा दगड त्या दहा वर्षांतला.

या टॉस्टीची गोष्ट मी पोर्चच्या बाकावर बसून सांगितली. त्याने यॉर्कमध्ये आपल्या दालनात ऑर्मचा मुलगा गामल याला दगा देऊन मारवलं, असं जुन्या इतिवृत्तात आहे. तो याच ऑर्मचा मुलगा असावा असं पुष्कळ अभ्यासक मानतात. आजोबाचंच नाव नातवाला, आपल्यासारखं. पुढे 1065 साली लोकांनी उठाव करून टॉस्टीला हाकललं आणि 1066 च्या सप्टेंबरमध्ये तो स्वतःच्या भावाशी लढताना स्टॅमफर्ड ब्रिजला पडला. ते ठिकाण माझ्या घरापासून सायकलच्या टप्प्यात आहे. ऑर्मने ज्याचं नाव आदराने दारावर कोरलं, त्यानेच त्याचा मुलगा मारला असेल, तर नंतर दर रविवारी या दारातून आत जाताना ऑर्मला काय वाटत असेल? नाव खोडलं मात्र नाही कुणी.

मग घडी. अर्धवर्तुळाचे आठ भाग, त्यातल्या मुख्य रेषांच्या टोकांना छोट्या आडव्या खुणा. वर लिहिलंय: ही दिवसाची सूर्यखूण, प्रत्येक प्रहराला. मी 'प्रहराला' असं म्हटलं आणि थबकले. मूळ शब्द आहे 'टाइड'. आता त्याचा अर्थ भरती-ओहोटी, पण तेव्हा तो वेळेचा शब्द होता. त्या काळच्या उत्तर इंग्लंडमध्ये दिवस-रात्रीचे आठ टाइड, दिवसाचे चार, रात्रीचे चार. दिवसाच्या प्रत्येक टाइडचे दोन भाग केले की घडीवरचे आठ होतात.

बाबांनी बोटं मोडून मोजलं. "चार दिवसाचे, चार रात्रीचे. अष्टौप्रहर. अगं, हे आपलंच आहे की!"

आपलं नाही, तसा संबंध जोडायला मला आवडणार नाही. दिवसाची अर्धी, अर्ध्याची पुन्हा अर्धी, हे कुणालाही सुचेल. पण आपला प्रहर जसा दिवसाबरोबर लहानमोठा होतो, तसाच यांचाही. शंकू भिंतीला काटकोनात खोचलेला, त्यामुळे उन्हाळ्यातला टाइड लांब, हिवाळ्यातला आखूड. सगळ्या ऋतूंत सारखा तास दाखवायचा तर शंकू पृथ्वीच्या अक्षाला समांतर हवा, इथे म्हणजे क्षितिजापासून चोपन्न अंश वर. तशा सूर्यघड्या इकडे यायला पुढची चार शतकं लागली. वॉटसनची घडी त्या दुसऱ्या जातीची. हॉवर्ड नावाच्या माणसाने आणि ब्रँड नावाच्या पुरोहिताने केलेली ही पहिल्या जातीची. दोघांनीही नावं कोरली आहेत.

"पण ऊन कुठाय?" बाबांनी विचारलं.

ऊन नाही. एकोणिसाव्या शतकात दारापुढे पोर्च बांधला, तेव्हापासून या घडीवर सूर्य पडलेला नाही. शंकूही नाही, नुसतं भोक. बाबांना हे अजिबात पटलं नाही. त्यांनी पोर्चच्या छताकडे अतिक्रमण बघावं तसं पाहिलं. आजी म्हणाल्या, पोर्च नसता तर अक्षरं केव्हाच गेली असती, बाहेरच्या भिंतीवर बघा काय उरलंय ते. तेही खरं होतं. काल संध्याकाळच्या ओरखड्यांना अजून ऊन मिळतं, आणि ते पुसत चालले आहेत. इथली घडी वाचली, कारण तिचं काम काढून घेतलं. मला हा सौदा मान्य आहे. बाबांना नाही. यावर आमचा ग्रेट एडस्टनपर्यंत वाद चालला.

ग्रेट एडस्टन तिथून तीन-चार मैलांवर. दक्षिणेच्या दारावर तशीच घडी, साधारण त्याच काळातली. वर लॅटिनमध्ये लिहिलंय 'ओरलॉगियम व्हिआटोरम', वाटसरूंचं घड्याळ. डाव्या अंगाला जुन्या इंग्रजीत: लोथनने मला केलं, आणि पुढे एक अक्षर काढून काम थांबलंय. उजव्या अंगाची चौकट कोरीच. पैसे संपले, माणूस गेला की भांडण झालं, कोण जाणे. बाबांनी तक्त्यात 'शेरा' या रकान्यात लिहिलं: काम अपूर्ण.

आमचंही एक काम अपूर्णच निघालं. रात्री फोटो लावायला बसले, तर बाबांच्या जुन्या कॅमेऱ्यातली घडी भारतीय वेळेवर. सीटन रॉसची सूर्यघडी म्हणे पावणेबाराला टेकलेली आणि फोटो संध्याकाळी सव्वापाचचा. साडेचार तास वजा करत बसलो. "बदलू का?" मी विचारलं. "नको. तुझ्या आईची वेळ कळते त्यावर."

सोमवार

ओल्ड बायलंड. टेकडीवरचं गाव, मधोमध हिरवं मैदान, चर्च खाली कोपऱ्यात लपलेलं. इथली सूर्यघडी पोर्चच्या पूर्वेच्या भिंतीत आहे आणि उलटी आहे. चुकून नव्हे, दगडच उलटा बसवलेला. बाबा वाकून, मान खाली घालून, दोन पायांतून बघावं तसे बघत होते आणि एक कुत्रं घेऊन चाललेले गृहस्थ थांबून त्यांच्याकडे. लॅटिन मजकूर असा की सुमरलेदीच्या हुस्कार्लने, म्हणजे घरच्या शिपायाने, मला केलं. करणाऱ्याचं स्वतःचं नाव नाही, मालकाचं आहे. कर्कडेलचा हॉवर्ड नशीबवान.

तिथून दोन तास गाडी चालवून एस्कम. डरहॅम परगण्यातलं हे चर्च मी पहिल्यांदाच पाहत होते. चारी बाजूंनी साधी नव्या वस्तीची घरं आणि मध्ये गोल कुंपणात हे अंदाजे 670 ते 690 मधलं देऊळ. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या एक हजार वर्षं आधीचं, असं बाबांना सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. चावी समोरच्या एका घराबाहेर खुंटीला टांगलेली असते, स्वतः घ्यायची, स्वतः परत लावायची.

दगड सगळे जवळच्या बिंचेस्टरच्या रोमन छावणीतून उचललेले. उत्तरेच्या भिंतीत बाहेरून एका दगडावर सहाव्या लीजनची, म्हणजे रोमन फौजेच्या तुकडीची, अक्षरं आहेत, आणि तीही उलटी. "एकाच दिवसात दुसरा," बाबा खूश झाले. "एक तर गवंड्याला वाचता येत नव्हतं, नाहीतर मुकादम घाई करत होता."

सूर्यघडी दक्षिणेच्या भिंतीवर, उंच. आपल्या मूळ जागी असलेल्यांत ही इंग्लंडमधली सर्वांत जुनी मानतात. अर्धवर्तुळ, त्यात फक्त तीन रेषा, आणि भोवती वेटोळं घातलेला साप, वर एका जनावराचं डोकं. तीन रेषांनी दिवसाचे चार भाग. बाबा काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे पाहून चार बोटं दाखवली.

आणि हिच्यावर ऊन होतं. साडेतेराशे वर्षांत तिच्यापुढे कुणी काही बांधलं नाही. सापाचे खवले गेलेत, जनावराचं थोबाड गुळगुळीत झालंय, शंकू नाही. बाबांनी खाली उभं राहून ओळंब्याची दोरी लांब हातात धरली, पुढेमागे करून दोरीची सावली घडीच्या भोकावरून जाईल अशी जुळवू लागले. घडी त्यांच्या डोक्यापासून किती उंच, दोरी कुठे आणि सावली कुठे. तसं ते जमणारच नव्हतं. तरी पाच मिनिटं त्यांनी प्रयत्न केला आणि मी त्यांना थांबवलं नाही.

भिंतीची दिशा मात्र नीट मोजली. होकायंत्र इथे फसवतं, कारण पावसाळी पन्हाळीचा लोखंडी पाइप जवळ असला की सुई तिकडे ओढली जाते. बाबांची पद्धत खात्रीची. एका पाटीला काटकोनात खिळा, पाटी भिंतीला अलगद टेकवायची, खिळ्याची सावली किती सरकली ते मोजायचं आणि वेळ लिहायची. त्या क्षणी सूर्य कुठे होता हे गणिताने निघतं, त्यावरून भिंत कुठे बघते ते निघतं. "शंकू साखळीने आख्खी वाई मोजली, ही तर एक भिंत," असं म्हणत त्यांनी आकडे सांगितले आणि मी लिहिले. जमीन मोजायची ही शंकू साखळी तेहतीस फुटांची, तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे एक गुंठा, हे मी लहानपणी पाढ्यांआधी शिकले.

मंगळवार

डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये कर्कडेलसारखी तबकडी बघायची नव्हती. तिथल्या दगडी ओवरीत 1829 साली एक मध्यान्हरेषा आखली, फरशीवर आणि पुढे भिंतीवर. खिडकीच्या दगडी जाळीतून येणारा कवडसा रेषेवर आला की डरहॅमचे बारा वाजले. आगगाड्या येण्याआधी प्रत्येक गावाचे बारा वेगळे असायचे. सगळ्या ब्रिटनला ग्रिनिचची वेळ कायद्याने लागू झाली ती 1880 साली. आपल्या मुंबईने तर 1906 मध्ये देशाची वेळ ठरल्यावरही स्वतःची वेळ सोडली नाही, एकोणचाळीस मिनिटं मागे राहून 1955 पर्यंत रेटलं. बाबांच्या लहानपणी घरात 'मुंबई टाइम' आणि 'रेल्वे टाइम' असं बोललं जायचं.

रात्री बाबांनी हिशेब करून ठेवला होता. डरहॅम ग्रिनिचच्या सव्वासहा मिनिटं मागे, सूर्य तीन मिनिटं पुढे, वर उन्हाळ्याचा तास. खरे बारा वाजणार एक वाजून तीन मिनिटांनी.

साडेबारालाच जाऊन बसलो. आभाळात पांढरट ढगांचा एकसंध थर, ज्यातून सूर्य कुठे आहे तेही कळेना. बारा पन्नास. शाळेची एक सहल आमच्या रेषेवरून धावत गेली. एक वाजला. एक वाजून तीन. फरशी सगळीकडे सारखीच राखाडी.

बाबांनी पाच मिनिटं जास्त धरली, हिशेबात चूक असेल तर म्हणून. चूक नव्हती. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे साडेपाच होऊन गेलेले. तिने फोन अंगणाकडे फिरवला, ओट्यावर पांढऱ्या कापडावर कुरडया, पलीकडे तुळस, आणि इतकं ऊन की पडदाच पांढरा झाला.

"सावली कुठवर आली?" बाबांनी विचारलं.

"पायरीला टेकली. तुम्ही जेवलात का?"

"कितव्या पायरीला?"

"अहो पहिल्या. ठेवा आता, मला कुरडया उचलायच्यात."